पावसाचं झाकण

समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन किती आहे हे मोजायची एक रीत लायोश विंकलर या हंगेरियन रसायनतज्ज्ञाने १८८८ साली शोधली. ती आजही जहाजांवर चालते. घट्ट बुचाची काचेची छोटी बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, हवेचा एक बुडबुडाही आत राहू द्यायचा नाही. मग तिच्यात मँगनीजच्या क्षाराचं द्रावण आणि पाठोपाठ आयोडाइड मिसळलेलं अल्कली सोडायचं. बूच लावून बाटली खालीवर हलवली की आत साका धरतो. पाण्यात ऑक्सिजन भरपूर असेल तर साका गडद तपकिरी होतो, कमी असेल तर फिकट. पुढे त्यात आम्ल घालतात, स्टार्चने निळा रंग आणतात आणि तो रंग थेंबाथेंबाने घालवत नेमका आकडा काढतात. पण सरावलेल्या डोळ्याला आकडा हाती येण्याआधीच उत्तर कळलेलं असतं.

गोव्यात कांदोळीच्या किनाऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत समुद्र पंचवीस-तीस मीटर खोल आहे. सप्टेंबरमध्ये तिथलं अगदी वरचं पाणी बाटलीत घेतलं, तर साका छान तपकिरी होतो. तळालगतचं घेतलं, तर कित्येकदा तो पांढराच राहतो. कितीही हलवा, तपकिरी छटासुद्धा येत नाही. त्या पाण्यात ऑक्सिजन उरलेलाच नसतो.

हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मनाला पटत नाही. पावसाळी समुद्र म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे उभा राहतो तो फेसाळणारा, उसळणारा, वाऱ्याने घुसळून निघालेला समुद्र. हवा आणि पाणी यांची इतकी झोंबाझोंबी चालू असताना पंधरा-वीस मीटर खाली श्वासापुरताही ऑक्सिजन नसावा? आणि हे एखाद्या खाडीच्या कोपऱ्यात नव्हे, उघड्या समुद्रात. पावसाळ्याच्या शेवटी भारताच्या पश्चिम किनाऱ्यासमोर सुमारे १,८०,००० चौरस किलोमीटर समुद्रतळावर ऑक्सिजनची अशी तूट पडते, असा अंदाज समुद्रशास्त्रज्ञ एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये मांडला. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या थोडं वर आहे; म्हणजे हा टापू अर्ध्या महाराष्ट्राहून मोठा झाला. किनाऱ्यालगत निसर्गतःच तयार होणारा कमी ऑक्सिजनचा एवढा मोठा पट्टा जगात दुसरीकडे नाही. दोना पावला इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक १९९७ पासून कांदोळीसमोरच्या त्या एकाच जागी वारंवार जाऊन पाणी मोजत आले, म्हणून वर्षाच्या कुठल्या महिन्यात तिथे काय घडतं ते आपल्याला इतकं बारकाईने सांगता येतं.

आधी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. माशाच्या वाट्याला मुळातच फार थोडा ऑक्सिजन येतो. आपण ज्या हवेत वावरतो तिच्या एका लिटरमध्ये २१० मिलिलिटर ऑक्सिजन असतो. आपल्याकडच्या कोमट समुद्राचं एक लिटर पाणी हवेतून जास्तीत जास्त जेमतेम साडेचार मिलिलिटर ऑक्सिजन घेऊ शकतं. पाणी थंड असेल तर जास्त मुरतो. गोठणबिंदूजवळच्या समुद्रात तो आठ मिलिलिटरच्या आसपास जातो. एवढ्याशा साठ्यावर बांगड्याने पोहायचं, खेकड्याने नांगी उगारायची, कोळंबीने कात टाकायची. म्हणून तर कल्ल्यांची रचना अशी असते की त्यांच्यावरून जाणाऱ्या पाण्यातला बहुतेक ऑक्सिजन काढून घेता यावा. आपली फुप्फुसं हवेतला जेमतेम पाव हिस्सा घेतात. लिटरमागे साधारण दीड मिलिलिटरच्या खाली ऑक्सिजन घसरला, की बहुतेक माशांची घुसमट सुरू होते. शास्त्रज्ञ त्या पाण्याला हायपॉक्सिक म्हणतात. कांदोळीचा तळ तर शून्यावर जातो.

आता हे पाणी येतं कुठून? जागच्या जागी ते नासत नाही, निदान सुरुवातीला तरी. ते खालून येतं. ते वर का चढतं हे कळायला आधी वारा पाण्याला कसा ढकलतो ते पाहायला हवं. नॉर्वेचा ध्रुवप्रवासी फ्रिड्यॉफ नान्सेन १८९३ ते १८९५ या काळात ‘फ्राम’ जहाजातून आर्क्टिकच्या बर्फाबरोबर वाहत गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं की बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ जात नाही, उजवीकडे कलतो. त्यामागचं गणित व्ही. डब्ल्यू. एकमन या तरुण स्वीडिश शास्त्रज्ञाने १९०५ साली मांडलं. पृथ्वी फिरते आहे, त्यामुळे उत्तर गोलार्धात वाऱ्याने ढकललेला पाण्याचा वरचा थर एकंदरीत वाऱ्याच्या उजव्या हाताला सरकतो. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडे तोंड करून उभं राहा: उजवा हात समुद्राकडे जातो. पावसाळ्यात वाऱ्याचा जो काही भाग किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो, तो वरचं पाणी किनाऱ्यापासून आत लोटतो. रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर चढतं. यालाच अपवेलिंग म्हणतात. पेरू, नामिबिया, कॅलिफोर्निया, मोरोक्को इथल्या मासेमारीची सगळी श्रीमंती या एका क्रियेवर उभी आहे, कारण खालून येणारं पाणी खताने भरलेलं असतं. वर मेलेले जीव, विष्ठा, कुजकं असं जे जे खोल बुडतं, त्यातलं नायट्रेट आणि फॉस्फेट तिथल्या अंधारात साठून राहतं. ते उजेडात आलं की सूक्ष्म शेवाळं आणि प्लवक भराभर वाढतात, त्यांच्यावर तारली, बांगडे पोसले जातात.

मात्र गोव्यासमोर पावसाळी वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून येतो. किनाऱ्याला समांतर असा त्याचा भाग बेताचाच. नुसत्या त्या वाऱ्याच्या हिशेबाने पाहिलं तर इथे पाणी वर यायला नको, आलं तरी नावापुरतं. समुद्रशास्त्रज्ञ सतीश शेट्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ च्या पावसाळ्यात जहाजातून या किनाऱ्याची मोजमापं घेतली. वरचा प्रवाह दक्षिणेला वाहतो आहे, त्याच्या पोटाखालून एक प्रवाह उत्तरेला वाहतो आहे, आणि खालचं थंड पाणी उतारावरून किनाऱ्याकडे चढलेलं आहे, असं चित्र त्यातून समोर आलं. पुढच्या काळात आणखी एक विलक्षण गोष्ट उलगडत गेली. या चढाला लागणारा बराचसा जोर दुरून येतो. बंगालच्या उपसागरातल्या वाऱ्यांनी उठवलेल्या प्रचंड लांबीच्या लाटा किनारा उजव्या हाताला ठेवत भारताला वळसा घालतात आणि श्रीलंकेला मागे टाकून आपल्या किनाऱ्याने उत्तरेला येतात. त्यांना केल्विन लाटा म्हणतात. वर पाहून त्या कळायच्या नाहीत, कारण पाण्याची पातळी त्यांनी काही सेंटिमीटरच हलते. पण खाली थंड आणि कोमट पाण्याची सीमा त्या कित्येक मीटर वर किंवा खाली नेतात. पूर्व किनाऱ्यावरच्या वाऱ्याचा परिणाम मालवण-कारवारच्या तळाला जाणवावा, हे मला आजही विलक्षण वाटतं.

वर चढणारं हे पाणी मुळातच दमलेलं असतं. अरबी समुद्राच्या मध्यात साधारण दीडशे मीटरपासून हजार मीटर खोलीपर्यंत ऑक्सिजन जवळजवळ नसलेला एक जाड थर कायम आहे. अटलांटिक आणि प्रशांत महासागर उत्तरेकडे थंड प्रदेशांपर्यंत पोचतात. तिथे गारठलेलं, ऑक्सिजनने भरलेलं पाणी बुडतं. अरबी समुद्राची उत्तर आशियाच्या जमिनीने बंद केली आहे. त्याच्या मधल्या थरांना पाणी मिळतं ते दक्षिणेकडून, लांबचा प्रवास करून, वाटेत बराच ऑक्सिजन खर्ची पडलेलं. वरून मान्सूनमुळे भरघोस वाढलेल्या जीवांचा चुरा अखंड पडत असतो, तो कुजताना उरलासुरलाही संपतो. १९३३-३४ साली सीमोर सीवेल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ या इजिप्शियन जहाजातून जॉन मरे मोहीम या समुद्रात फिरली, तेव्हाच हा ऑक्सिजनहीन थर मोजला गेला होता. कराचीसमोर जिथे हा थर समुद्रतळाच्या उताराला टेकतो, तिथे चिखल उकरायला किडे नाहीत, म्हणून दर वर्षीचा गाळ जसा पडला तसाच पापुद्र्यापापुद्र्याने राहिला आहे. एका नळीत काढून आणलेल्या त्या गाळातून शास्त्रज्ञ हजारो वर्षांचे मान्सून वाचतात.

पण खोल समुद्रातली ही तूट आणि कांदोळीच्या तळाचं शून्य यांत फरक आहे. किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रबूड जमिनीवर चढताना या पाण्यात थोडाफार ऑक्सिजन अजून शिल्लक असतो. तो पूर्ण संपायला आणखी एक गोष्ट लागते, आणि ती वरून येते.

गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीचा उतार इतका उभा, समुद्र इतका जवळ, की मांडवी, जुवारी, तेरेखोल, काळी या नद्यांना फुगायला वेळ लागत नाही. हे सगळं गोडं पाणी समुद्रावर पडतं किंवा त्यात येऊन मिळतं. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, शिवाय ते कोमट. खालून आलेलं खारट आणि वरच्याहून पाच-सहा अंशांनी थंड, म्हणजे जड. दोन्ही एकमेकांत सहज मिसळत नाहीत. समुद्रावर पाच-दहा मीटर जाडीचा हलक्या पाण्याचा थर पसरतो आणि उकळत्या पातेल्यावर कोणी झाकण ठेवावं तसा तो खालच्या पाण्याला हवेपासून तोडून टाकतो. वारा हा वरचा थर घुसळतो, लाटा उठवतो, फेस काढतो. ती सगळी धडपड झाकणाच्या वर चालते. खाली हवा पोचत नाही.

पेरू आणि नामिबिया या देशांचे किनारे वाळवंटी आहेत, तिथे पाऊस जवळपास पडतच नाही. तिथे पाणी वर येतं, वारा त्याला घुसळतो, हवा लागते. आपल्याकडे अपवेलिंग त्यांच्या तुलनेत कमजोर आहे, तरी तळ अधिक मोठ्या विस्तारावर गुदमरतो, कारण पाणी वर यायची वेळ आणि पाऊस कोसळायची वेळ एकच आहे. ज्या पावसावर आपली भातशेती उभी राहते, तोच समुद्राच्या तळाची हवा अडवतो. निसर्गातल्या दोन साध्या गोष्टी एकाच ऋतूत एकाच जागी आल्या की काय घडू शकतं, याचं याहून मोठं उदाहरण माझ्या माहितीत नाही.

झाकणाखाली पुढे जे होतं तो या सगळ्यातला सर्वांत गुंग करणारा भाग. जूनपासून थोडं थोडं वर येणारं खत वरच्या उजेडाला लागून शेवाळं माजलेली असतात. ती मरून खाली पडतात. तळाचे जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि ऑक्सिजन वापरत जातात. जुलै, ऑगस्ट, एकेक आठवडा आकडा खाली येतो. ऑक्सिजन संपला म्हणून जीवाणू मात्र थांबत नाहीत. त्यांतले कित्येक श्वासासाठी दुसरं काही वापरू शकतात. पहिली पाळी येते नायट्रेटची, कारण त्यातून मिळणारी ऊर्जा ऑक्सिजनच्या खालोखाल असते. नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरून ते नायट्राइट करतात, मग पुढच्या पायऱ्या उतरत शेवटी नायट्रोजन वायू, तोच जो आपल्या हवेत ७८ टक्के आहे. ज्या खताने शेवाळ वाढलं, तेच खत इथे वायू होऊन सुटतं. मधल्या एका पायरीवर नायट्रस ऑक्साइड तयार होतो. भूल देण्यासाठी दवाखान्यांत वापरतात तोच हा वायू. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेतीनशे पट उष्णता अडवतो. नक्वींच्या लेखाचा मुख्य मुद्दा हाच होता की आपल्या किनाऱ्यासमोरच्या उथळ पाण्यात नायट्रस ऑक्साइडचं प्रमाण तोवर समुद्रात कुठेही मोजलेल्या प्रमाणांपेक्षा वरचढ निघालं.

नायट्रेटही संपलं, तर जीवाणू सल्फेटकडे वळतात. सल्फेटला समुद्रात तोटा नाही. त्यातून ऊर्जा फार थोडी मिळते, पण मिळते. त्या श्वासातून हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. १९९९ च्या पावसाळ्याच्या अखेरीस गोवा-कारवारसमोरच्या तळच्या पाण्यात तो मोजला गेला. अशा पाण्याची बाटली उघडली की कुजक्या अंड्याचा वास नाकात शिरतो. अब्जावधी वर्षांपूर्वी, हवेत ऑक्सिजन साठायच्या आधी पृथ्वीवरचे जीव जसे जगत होते, तसं जगणं ज्यांनी सोडलं नाही ते सूक्ष्मजीव दर पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यासमोर काही आठवडे राज्य करतात.

असा वास जगात इतरत्रही येतो. पेरूच्या कायाओ बंदरात जहाजांचा पांढरा रंग रातोरात काळवंडायचा, कारण रंगातलं शिसं हायड्रोजन सल्फाइडने काळं पडतं. खलाशांनी या अदृश्य रंगाऱ्याला ‘कायाओचा रंगारी’ असं नाव दिलं होतं. नामिबियासमोर समुद्रतळातून हा वायू उफाळतो तेव्हा त्यातलं गंधक वेगळं होऊन पाणी दुधी-निळं होतं आणि ते पट्टे उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसतात. दक्षिण आफ्रिकेत एलांड्स बे इथे १९९७ साली सुमारे २,००० टन शेवंड श्वासाच्या शोधात उथळ पाण्याकडे सरकत सरकत आले आणि किनाऱ्यावर अडकून मेले. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यावर २००२ साली खेकडे मेलेले सापडले, आणि २००६ साली तिथल्या तळाचा ऑक्सिजन काही ठिकाणी शून्यावर आला.

आपल्या मच्छीमारांचा या पाण्याशी थेट संबंध येतो. यांत्रिक होड्यांसाठी मासेमारीची बंदी गोव्यात १ जून ते ३१ जुलै अशी असते. नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हा समुद्रात लोटल्या जातात, आणि नेमक्या त्याच वेळी तळाची घुसमट वाढत चाललेली असते. तळाला चालणारी जाळी ओढणाऱ्याला याचा फटका बसतो. मुंबईसमोर किमान ऑक्सिजनचा थर समुद्रतळाच्या चढावरून किनाऱ्याकडे सरकतो आणि मासळीवर त्याचा परिणाम होतो, असं कॅरुदर्स, गोगटे, नायडू आणि लेवास्तु यांनी १९५९ सालीच ‘नेचर’मध्ये लिहिलं होतं. त्याच वर्षी कार्ल बान्से यांनी कोचीनसमोरच्या मोजमापांवरून दाखवलं की पावसाळ्यात ऑक्सिजन घसरलेल्या तळावरून ट्रॉलरच्या जाळ्यात मासे येईनासे होतात. मेलेले नसतात ते. निघून गेलेले असतात. ज्यांना पोहता येतं ते उथळ पाण्याकडे किंवा वरच्या थरात सरकतात. बांगडा आणि तारली यांची गोष्ट वेगळी. ते वरच्या उजेडातल्या प्लवकांवर जगतात, म्हणून त्याच अपवेलिंगने त्यांची चंगळ होते. एकाच उभ्या रेषेत वर थवेच्या थवे आणि वीस मीटर खाली रिकामा तळ, असं दृश्य या ऋतूत इथे असतं. चिखलात रुतून राहणाऱ्या जीवांना मात्र पळता येत नाही. ज्यांना थोड्या ऑक्सिजनवर निभावता येतं असे काही किडे टिकतात, बाकीचे मरतात.

नोव्हेंबरच्या सुमाराला प्रवाह उलटतो. किनाऱ्याचं पाणी आता उत्तरेला वाहू लागतं, कोमट पाणी किनाऱ्याला चिकटून खाली दबतं, आणि घुसमटलेलं पाणी उतारावरून परत खोल घसरतं. डिसेंबरमध्ये त्याच जागी, त्याच खोलीवरचं पाणी बाटलीत घेतलं तर साका तपकिरी होतो.

ही घुसमट वाढते आहे का, हा प्रश्न गेली पंचवीस वर्षं गाजतो आहे. २००० सालच्या लेखात नक्वींनी शंका मांडली होती की शेतांतून नद्यांवाटे येणारं नायट्रेट आधीच्या नैसर्गिक तुटीत भर घालतं आहे. दुसऱ्या बाजूला १९५९ ची मुंबई-कोचीनची मोजमापं आहेत. रासायनिक खतांचा वापर आजच्या मानाने नगण्य होता त्या काळातही हे पाणी इथे होतं, एवढं त्यांतून नक्की कळतं. जगभरच्या समुद्रांबद्दल मात्र संशय उरलेला नाही: १९६० पासूनच्या पन्नास वर्षांत महासागरांनी आपला सुमारे २ टक्के ऑक्सिजन गमावला, असं २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने दाखवलं. पाणी तापलं की त्यात ऑक्सिजन कमी मुरतो आणि वरचा थर खालच्याशी मिसळणंही अवघड होतं. आपल्या किनाऱ्यावर दोन जोर एकमेकांविरुद्ध काम करतात. पाऊस आणि ऊन झाकण घट्ट करतात, जोराचा वारा ते मोडू पाहतो. त्यामुळे सगळी वर्षं सारखी जात नाहीत. एखाद्या वर्षी तळाचं पाणी नायट्रेटच्या पायरीवरच थांबतं, एखाद्या वर्षी थेट हायड्रोजन सल्फाइडपर्यंत उतरतं. नदीने आणलेल्या खताचा किती भाग निरुपद्रवी नायट्रोजन होऊन हवेत परत जाईल आणि किती नायट्रस ऑक्साइड होऊन, तेही पाणी कोणत्या पायरीवर थांबलं यावर अवलंबून असतं. म्हणूनच कांदोळीच्या पाण्यात ऑक्सिजनच्या जोडीला नायट्रेट, नायट्राइट आणि नायट्रस ऑक्साइडही खोलीखोलीवर मोजावे लागतात.